चाळीस सेंटिमीटर

घरातलं कपडे धुण्याचं मशीन गेली चार वर्षं सरकत होतं. कपडे पिळायला लागलं की ते थरथरायचं, आणि बाथरूमच्या भिंतीपासून निघून दाराच्या दिशेने प्रस्थान ठेवायचं. आई रोज म्हणायची, "अहो, ते मशीन तेवढं बघा." बाबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणायचे, "रविवारी बघतो." असे दोनशे आठ रविवार गेले, आणि मशीन आपलं सरकतच राहिलं.

त्याच्याकडे पहिल्यांदा कुणी नीट बघितलं असेल तर ते थोरलीने. ती इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला प्रबंधाला विषय मिळत नव्हता. प्रबंध गणित आणि यंत्र अशा दोन विभागांत मिळून होता, म्हणून मार्गदर्शकही दोन. जो विषय गणिताच्या मॅडमना आवडे तो यंत्रविभागाच्या सरांना हवेतला वाटे, आणि सरांना आवडे त्यात मॅडमना गणितच दिसत नसे. दोन विषय असे कापले गेले होते. पुढच्या सोमवारी तिसरा मंजूर झाला नाही, तर यादीत उरलेला विषय गळ्यात पडणार होता: 'टाकीतील पाण्याची पातळी'. तो गेली अकरा वर्षं कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडत आला होता. टाकीतल्या पाण्याबद्दल माणसाने आणखी जाणून घ्यावं असं आता काही उरलंच नव्हतं.

"मशीन किती सरकतं आणि का सरकतं, हा विषय चालेल?" थोरलीने भीत भीत विचारलं.

"सोमवारी सहा दिवसांची सहा मापं आण," सर म्हणाले.

"बघू या," मॅडम म्हणाल्या.

दोघांपैकी कुणीच नाही म्हटलं नाही, याचाच तिला इतका आनंद झाला की घरी जाताना तिने खडू आणि टेप विकत घेतली.

मंगळवारी सकाळी तिने मशीन भिंतीला टेकवलं, पुढच्या पायांपाशी जमिनीवर रेघ मारली आणि घरात फर्मान काढलं. "मी कॉलेजातून येऊन मोजेपर्यंत मशीन कुणी हलवायचं नाही!"

"कपडे तरी धुवू ना?" आईने विचारलं.

"धू. वाळत घाल. पण ते जिथे थांबेल तिथे राहू दे."

मंगळवारी टॉवेल होते, माप आलं चाळीस सेंटिमीटर. बुधवारी चादरी: एक्केचाळीस. गुरुवारी घरातल्या झाडून सगळ्या जीन्स: पुन्हा चाळीस. थोरलीने मॅडमना फोन लावला.

"वजन बदलतंय आणि अंतर तेच?" मॅडमचा आवाज एकदम हळवा झाला. "म्हणजे काहीतरी आहे तिथे. काहीतरी त्याला अडवतंय. समीकरणात सापडेल ते. मी आजच बसते."

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. पण गुरुवारी संध्याकाळी बाबांनी आपली लेक ओल्या फरशीवर पालथी पडून टेप धरताना पाहिली. चार वर्षं बायकोच्या बोलण्याने जे झालं नव्हतं, ते त्या एका दृश्याने झालं. शुक्रवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली, माळ्यावरून पाना उतरवला, आणि संध्याकाळी थोरली घरी आली तेव्हा ते बाथरूमच्या दारात हात मागे बांधून उभे होते.

"मोज," ते म्हणाले.

थोरलीने वाकून पाहिलं. मशीन रेघेवर होतं. केसभरही हललेलं नव्हतं.

"बाबा, काय केलंत?"

"नीट केलं."

"का?"

हा प्रश्न बाबांना नवा होता. चार वर्षांत त्यांना "का नाही" एवढंच विचारलं गेलं होतं.

"अगं, एका जागी उभं राहून धुतं आता!" आई आतून म्हणाली. तिच्या आवाजात लग्नानंतर प्रथमच नवऱ्याबद्दल कौतुक ऐकू येत होतं, आणि तेच थोरलीच्या मुळावर आलं होतं.

"होतं तसं करा परत," ती रडवेली होऊन म्हणाली. "कुठला पाय किती फिरवलात?"

"चारही फिरवले."

"किती?"

"बसेपर्यंत!"

थोरली कागद घेऊन बसली. चार पाय, प्रत्येक पायाच्या निदान आठ जागा, म्हणजे चार हजार शहाण्णव प्रकार. एकेका प्रकाराला बारा मिनिटं पिळणं. जेवण, झोप आणि कॉलेज सोडून दिलं तरी चौतीस दिवस लागणार होते, आणि हातात होते दोन. त्यातले अकरा प्रकार तिने करूनही पाहिले. त्यात एक टॉवेल अकरा वेळा पिळला गेला आणि त्याची पार चिंधी झाली, पण मशीन ढिम्म.

शनिवारी सकाळी तिने सरांना फोन केला.

"मशीन नीट झालं म्हणून रडतेस?" सर म्हणाले. "पुढे कारखान्यात काय करणार आहेस? नीट झालं तर परत बिघडव, त्यात काय!"

म्हणून मेकॅनिकला बोलावलं. तो बॅग टेकवत म्हणाला, "काय होतंय?"

"काहीच होत नाहीये," थोरली म्हणाली. "तेच तर. पिळताना सरकायला हवंय."

मेकॅनिकने आधी तिच्याकडे, मग बाबांकडे पाहिलं. बाबांनी नजर चुकवली.

"ताई, बावीस वर्षं झाली मला या धंद्यात. मुद्दाम कधी बिघडवलं नाही."

"जमणार नाही?"

"मुद्दाम अवघड आहे हो. नीट करताना आपोआप होतं, ते वेगळं."

तरी गडी प्रामाणिक होता. त्याने मशीन आडवं केलं, चारही पाय सैल केले, सुरू केलं. मशीन जरा थरथरलं. थोरलीच्या डोळ्यांत आशा चमकली. पण बावीस वर्षांच्या हाताला ती थरथर सोसवेना. बोलता बोलता त्याचा पाना मागच्या एका बोल्टकडे गेला आणि त्याने तो आवळला. त्या क्षणापासून मशीन सरकायचं तर सोडाच, आवाजही करेना.

"अगंबाई!" आई म्हणाली. "सुरू आहे का बंद, तेसुद्धा कळत नाही!" आणि तिने मेकॅनिकला चहा दिला.

सोमवारी थोरली दोन मार्गदर्शकांसमोर उभी राहिली ती तीन मापं आणि पडलेलं तोंड घेऊन. जे घडलं ते तिने खरं खरं सांगून टाकलं. टाकीतलं पाणी आता तिच्या गळ्याशी आलं होतं.

"तीन मापांवर प्रबंध?" सर म्हणाले. "उद्या म्हणाल, एका विटेवर पूल."

"तीन खूप झाली," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला एकही लागत नाही." त्यांनी पर्समधून चौदा पानं काढली. "वजन कितीही असू दे, मशीन चाळीसपाशी थांबतं. अशी हद्द मी माझ्या आयुष्यात पाहिली नाही. पहिला भाग सिद्ध झालाय, दुसरा आज संध्याकाळपर्यंत होईल."

सरांनी चौदा पानं चाळली. त्यांना काय कळलं ते कळलं नाही, पण चौदा पानांना नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. त्यांनी सही केली. मॅडमनी केली. आता एकच रकाना राहिला होता: प्रयोग कॉलेजबाहेर होणार असल्यास त्या जागेच्या प्रमुखाची सही.

संध्याकाळी थोरली उड्या मारतच घरी आली. बाबांनी पेन उघडलं, 'प्रमुख' हा शब्द वाचला आणि मुकाट्याने पेन आईच्या हातात दिलं.

आईने चष्मा लावला. दोन मार्गदर्शकांनी मिळून वाचला नसेल इतका तो कागद तिने वाचला. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"'यंत्र सुमारे चाळीस सेंटिमीटरवर थांबते,'" तिने मोठ्याने वाचलं. "'कारणाचा शोध घेणे.' याचा शोध घेणार तुम्ही?"

"हो. तोच तर विषय आहे."

"वर्षभर?"

"हो गं. का?"

"अगं, थांबेल नाही तर काय! तिथे मी पाय लावून उभी असते."

थोरली आईच्या पायांकडे बघू लागली.

"एकदा पुढे गेलं होतं ते," आई सांगू लागली. "दाराला जाऊन बसलं. तासभर आत अडकले होते मी, आणि तुम्ही सगळे बाहेर. तेव्हापासून पिळायला लागलं की मी दारात उभी राहते आणि आलं की पाय लावते."

"मी सांगितलं होतं ना, हलवायचं नाही म्हणून!"

"मी कुठे हलवलं? मी थांबवलं," आई म्हणाली आणि तिने झोकदार सही ठोकली.

तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला. पलीकडून मॅडमचा आवाज आनंदाने कापत होता.

"झालं गं! दुसरा भागही सिद्ध झाला! टॉवेल टाका, चादरी टाका, काहीही टाका. ते मशीन चाळीसच्या पुढे जाणं शक्यच नाही!"

थोरलीने सही झालेल्या कागदाकडे पाहिलं, मग चष्मा पुसत बसलेल्या आईकडे पाहिलं.

"हो, मॅडम," ती म्हणाली. "आईचंही तेच म्हणणं आहे."