दहा बाय पंधराच्या जनकाबाई

कॉम्प्युटरवरचं कोणतंही काम आपल्याला दुसऱ्यानं शिकवायची गरज नाही, याबद्दल जानेफळच्या अश्वजितची पक्की खात्री होती. मेहकरच्या एका पतसंस्थेत तो दिवसभर कॉम्प्युटरपुढेच बसायचा. गावात कोणाचा मोबाइल अडला की माणसं त्याच्याच दारात यायची. म्हणून आईच्या निवृत्तीचा विषय निघाला तेव्हा त्यानं मनालीला, म्हणजे बायकोला, सांगूनच टाकलं, "फोटो मीच बनवतो. दुकानवाल्याले द्याचं कामच नाही. ते लोक सगळ्याइचे गाल गुलाबी करून ठेवतात."

त्याची आई जनकाबाई गावच्या अंगणवाडीत मदतनीस. पोरांना आणायचं, नाकं पुसायची, खिचडी शिजवायची. तिच्या हातची खिचडी न खाता मोठं झालेलं तरुण माणूस गावात हुडकून सापडलं नसतं. आणि एवढ्या वर्षांत तिचा स्वतःचा असा फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यात ती कोणाला तरी झापायच्या बेतात दिसायची.

मनालीनं मात्र एकदा अंगणवाडीच्या दारात तिला नेमकं टिपलं होतं. डोक्यावर पदर, हातात खिचडीची पळी आणि तोंडभर हसू. हाच फोटो छापून घरच्या भिंतीवर लावायचा, असा अश्वजितचा बेत.

छपाईवाल्याची साइट उघडली आणि तो हरखूनच गेला. कपावर छापा, उशीवर छापा, भिंतभर छापा. माणसाचा चेहरा कशावर म्हणून उमटत नाही? त्यानं फोटो चढवला. साइट म्हणाली, फोटो अस्पष्ट आहे. मनालीनं तो त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता.

"व्हॉट्सअ‍ॅप फोटोतला जीव काढून घेते," अश्वजित जाणकारासारखा म्हणाला. "तुह्या मोबाइलातला असल दे."

असल फोटो चढला. मागची भिंत पुसून तिथं निळं आभाळ आलं. भिंतीबरोबर पळीही पुसली गेली होती, ती त्यानं बोटानं घासून घासून परत आणली. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'सगळ्या गावाची मावशी'. कागद कोणता, या प्रश्नावर त्यानं फ्लेक्स निवडलं, कारण ते पाण्यानं खराब होत नाही. कडेला रिंगा हव्यात का, असं विचारल्यावर हो म्हटलं. खिळ्याला अडकवायला बरं. माप टाकलं, दहा बाय पंधरा. पैसे जरा जास्त वाटले, पण चांगल्या कामाला लागायचेच.

दुसऱ्या दिवशी छपाईवाल्यांकडून एका मुलीचा फोन आला.

"सर, दहा बाय पंधराच ना?"

"हाव, दहा बाय पंधराच."

"लावणार कुठं आहात, सर?"

"घरात. बैठकीच्या भिंतीले."

"घर मोठं असेल, सर."

"हाव, चार खोल्या हायेत," अश्वजित अभिमानानं म्हणाला.

निरोप समारंभाच्या सकाळी पार्सलवाल्याची गाडी आली. टपावर दोरीनं बांधलेली लांबलचक गुंडाळी बघून अश्वजितला वाटलं, कोणाच्या तरी शेतातला पाइप असावा. पार्सलवाल्यानं त्याच्याच नावानं हाक मारली.

घरात ती मावेना. शेवटी त्यानं आणि मनालीनं ती अंगणवाडीपुढच्या पटांगणात नेली आणि उलगडायला घेतली. आधी लुगड्याचा काठ आला, पायवाटेएवढा रुंद. मग पळी. तिच्यात एक पोरगं आरामात झोपलं असतं.

"अहो," मनाली हळूच म्हणाली, "तिथं फूट लिहेल होतं का इंच?"

अश्वजितच्या पायाशी आईचं हसू उलगडत होतं. पडलेल्या दाताची खिडकी, गालावरची एकेक सुरकुती, आणि मग डोळे, परातीएवढे, ओले, चमकणारे. इतकी वर्षं तो या चेहऱ्यापुढे जेवला होता, आणि उजव्या भुवईखालचा बारीकसा तीळ त्याला आज पहिल्यांदा दिसला.

अंगणवाडीची सेविका छाया धावत बाहेर आली आणि चप्पल काढून उभी राहिली. "माय वो," एवढंच म्हणाली. मागोमाग गाव जमलं.

"हे गुंडाळून ठेवायची गोष्ट नाही," छायानं ठरवलं. अंगणवाडीची भिंत कुठली पुरायला. मग रस्त्याकडेच्या गोदामाची भिंत निवडली. शिड्या आल्या, दोर आले, आणि रिंगा किती कामाच्या ते तेव्हा कळलं. दुपारपर्यंत जनकाबाई निळ्या आभाळातून सगळ्या रस्त्याकडे बघून हसायला लागल्या.

ट्रॅक्टर थांबले, मोटारसायकली थांबल्या. आणि गोंधळ सुरू झाला.

"झेडपीच्या कोणत्या गटातून हायेत बाई?" एकानं विचारलं.

"पत्ता नाही, पण चिन्ह पळी दिसते."

"'सगळ्या गावाची मावशी'. घोषणा जबरी हाय बे."

तासाभरात पंजाबराव आले. निवडणूक कोणतीही असो, गावातला अर्ज त्यांच्या सल्ल्याशिवाय भरला जात नसे. त्यांनी अश्वजितला बाजूला घेतलं. "एवढी तयारी अन् मले खबर नाही?"

"नाही हो भाऊ, तो घरात लावाचा फोटो होता."

"घरात?" पंजाबरावांनी गोदामाच्या छपरापर्यंत नजर नेली आणि खांद्यावर हात ठेवला. "नको सांगू. पोटात ठेव. पण मी तुमच्यासंग हाओ."

अश्वजितनं रस्त्याकडे बघितलं. आई देऊळगाव राजाला बहिणीकडे गेली होती, ती आता येणार होती. तिला मिरवलेलं खपत नसे. कोणी सत्काराची शाल अंगावर घालेल म्हणून ती हळदीकुंकवाचाही कार्यक्रम टाळायची.

मेहकरहून एसटी आली आणि ड्रायव्हरनं ती गोदामापुढेच उभी केली, कारण तोही बघत राहिला होता. जनकाबाई पिशवी सांभाळत उतरल्या. वर बघितलं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं आणि त्या स्वतःकडे.

"मी अशी हासतो?" त्यांनी विचारलं.

"रोजच हासता, मावशी," छाया म्हणाली.

जनकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात पंजाबराव हार घेऊन पुढे झाले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काकू, आता माघार नाही. तुमी फक्त उभ्या राहा. सगळं गाव तुमच्या मागं हाय."

जनकाबाईंनी त्यांच्याकडे दमलेल्या नजरेनं बघितलं.

"अजून उभी राहू, भाऊ? मेहकरपासून उभीच आली मी. कोणी खुर्ची तं आणा."