परबकाकांचे पट्टे

आमच्या लालबागच्या चाळीने गणपतीसाठी एक कर्णा आणि त्याचं आवाज वाढवायचं मशीन घेतलं होतं. परबकाकांनी एके दिवशी त्या कर्ण्याचा मागचा डबा उघडला, आतल्या पडद्याला दाभणाने चार भोकं पाडली, डबा बंद केला आणि वर मलाच म्हणाले, "आता कसो बोलाक लागलो बघ." मी चाळीचा चिटणीस. कर्णा कागदोपत्री माझ्या ताब्यातला.

परबकाका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. वीस वर्षं चार साच्यांमध्ये फिरून त्यांच्या पायांना बसणं ठाऊकच राहिलं नव्हतं. आमच्याकडे चहाला आले की बशी हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. आई म्हणायची, अहो, बसा की. ते "हो, हो" म्हणत गॅलरीत एक फेरी मारून यायचे. त्यांना बघूनच मला दम लागायचा.

त्यात त्यांनी धोबीतलावच्या कोणा गोव्याच्या वादकाकडून जुनी गिटार आणली. बरं, आणली ती आणली, तिच्या पोटात माईक बसवला आणि तो चाळीच्या मशीनला जोडला. वायरिंगचं सगळं त्यांनाच कळायचं, म्हणून मशीन असायचं त्यांच्याच खोलीत. दहा बाय दहाची खोली, ट्रंकेवर कर्णा, आणि समोर काका. भोकं पाडल्यापासून त्या कर्ण्यातून गिटार निघायची ती गुरगुरत. खाली माझ्या खोलीत भिंतीवरची तसबीर हलायची.

गाणं वाजवतील तर शपथ. खालच्या जाड तारांवरचे आठ-दहा सूर घ्यायचे आणि तेवढेच पुन्हा पुन्हा फिरवायचे. त्याला ते 'पट्टा' म्हणायचे. गिरणीत वरच्या दांड्यावरून पट्टा खाली येतो, साचा फिरवतो आणि परत वर जातो, तसा. मी एकदा वैतागून म्हणालो की काका, एखादं सबंध गाणं तरी होऊ द्या. तर म्हणाले, "गाणा म्हणजे कापड रे. कापड सगळेच बघतत. पट्टो कोण बघता?"

प्रत्येक पट्ट्याला नाव होतं. 'डबल पाळी' नावाचा होता, तो संपायचाच नाही. 'मुकादम' हळूहळू मागून यायचा आणि एकदम मानगुटीवर बसायचा. 'तुटको धागो' साडेसात मात्रांचा. भजनी मंडळाच्या पखवाजवाल्याने त्याच्यामागे तीन संध्याकाळी हात दुखवून घेतले आणि चौथ्या दिवशी काकांशी बोलणं सोडलं. काका म्हणाले, माझा तीन नंबरचा साचा असाच लंगडतो, त्याला मी काय करू?

या पट्ट्यांचे नंबर लावलेले असत, आणि ते रोज बदलत. मी कामावर निघालो की जिन्यात गाठून सांगायचे, आज 'मुकादम' एक नंबर, 'डबल पाळी' घसरली. जशी काय मी पैज लावली होती. हे ठरवतं कोण, असं विचारलं की म्हणायचे, "ता माझ्या हातात नाय."

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा, नाक्यावर पोलिसांची लॉरी. कोणी धड जेवत नव्हतं, कोणी एका जागी ठरत नव्हतं. जिन्यात जरा पावलं वाजली की सगळी चाळ कठड्यावर. अशातच आमच्या मैदानात सभा ठरली आणि कर्णा आमचाच लागला. नवा पडदा बसवा असं मी काकांना दहादा बजावलं होतं. त्यांनी "हो, हो" म्हटलं होतं.

वक्ते उभे राहिले, "बंधूंनो" म्हणाले, आणि कर्ण्यातून असा काही घर्रर्र आवाज आला की मागच्या लोकांना वाटलं लॉरी आत घुसली. पळापळ झाली. मैदानभर चपला. टेबलावरून पहिली उडी खुद्द वक्त्यांनी मारली. पोलीस लांब नाक्यावर विड्या ओढत होते, ते बिचारे आमच्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्याच दिवशी चाळीची बैठक बसली. परबांनी मशीनला पुन्हा हात लावायचा नाही, मशीन कर्ण्यासकट चिटणीसांनी आजच काढून आणावं, असं एकमुखाने ठरलं. खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी हात माझाच वर गेला होता.

मी गेलो तेव्हा काकांनी वायर गुंडाळायला घेतली होती. काकू आमच्याकडे पाठ करून स्टोव्हवर भाकरी भाजत होत्या. मी "काकू" अशी हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. पुन्हा मारली, तरी नाही.

"नको हाक मारू," काका म्हणाले. "तिका ऐकाक येणा नाय. गिरणीत वाइंडिंग खात्याच्या आवाजातच कान गेले. चाळीत सांगू नको हां, लोक ओरडान बोलतत, तिका लाज वाटता."

मग त्यांनी वायर पुन्हा जोडली, गिटार घेतली आणि 'मुकादम' लावला. तो फाटका, गुरगुरता आवाज खोलीत भरला. तिसऱ्या फेरीला काकूंनी मागे वळून काकांकडे बघितलं आणि हसल्या. भाकरी करपली तरी बघतच होत्या.

"चांगलो आवाज तिका पोचणा नाय. ह्यो फाटको तेवढो पोचता," काका म्हणाले. "ती ज्येका वळान बघता, तो एक नंबर."

गिटार त्यांनी भिंतीला टेकवली. "मशीन ने तू. पण तिच्या डोळ्यांदेखत ने रे मधू. नायतर मी मशीन नसताना वाजवतलंय, आणि तिका वाटतला, उरलेले कान पण गेले."

मला स्वतःची लाज वाटली. मशीन तिथेच ठेवून मी तसाच खाली उतरलो.

बैठक पुन्हा बोलावली. पुढची सभा कधी लागेल नेम नाही, तेव्हा मशीनची रोज अर्धा तास चाचणी झालीच पाहिजे आणि ती परबांनीच केली पाहिजे, असं मी ठोकून दिलं. सभेपुरता नवा पडदा मी स्वतः बसवीन म्हणालो. पखवाजवाला चिडून म्हणाला, किती दिवस हा छळ? मी म्हणालो, संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत. त्यापुढे कोण काय बोलणार? ठराव पास झाला.

संयुक्त महाराष्ट्र झाला. पेढे वाटले, कंदील लागले, आणि चाचणी काही कोणी बंद केली नाही. चाळीला सवय झाली होती. मला तर तिच्याशिवाय चहा गोड लागेना.

मग दोनेक वर्षांनी परबकाका एका संध्याकाळी मशीन डोक्यावर आणि कर्णा काखेत घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मी म्हणालो, काका, कोणी काही बोललं का? बोललं असेल तर नाव सांगा.

"कोण नाय बोलला," ते म्हणाले. "आता लागणा नाय. फाटको पण पोचणा नाय तिका."

मी त्यांच्यामागोमाग वर गेलो. काकू जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. काकांनी गिटार त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली, त्यांचे दोन्ही तळवे तिच्या लाकडावर दाबून धरले, क्षणभराने आपले हात काढून घेतले, आणि समोर मांडी घालून वाजवायला लागले. मी दारातच उभा होतो. काका इतकं हळू छेडत होते की मला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. काकू हसत होत्या.