टेबलाला लागलेले सीलरचे हात

"सीलर न लावता लाकडावर थेट लॅकर मारणं म्हणजे आंघोळ न करता अत्तर लावणं," असं जावयाने शनिवारी सकाळी चहा पिताना जाहीर केलं. सासरे, सासूबाई आणि बायको तिघांनीही एकदम आपापल्या कपात बघितलं. हे ज्ञान त्याला कालच एका व्हिडिओतून, तेही ऑफिसच्या वेळात, प्राप्त झालं होतं.

टेबल सासऱ्यांनी केलं होतं. चाळीस वर्षं विमा कचेरीत फायली सरकवल्यावर त्यांनी निवृत्तीनंतर रंधा हातात घेतला आणि आठ महिन्यांत एक टेबल उभं केलं. त्यातले तीन महिने एकट्या चौथ्या पायाचे. लॅकरच्या वासाने त्यांना शिंका यायच्या, एकदा सुरू झाल्या की सतरा. म्हणून शेवटच्या कामासाठी त्यांनी टेबल खालच्या आपल्या घरातून जिना चढवून जावयाच्या गॅलरीत आणून ठेवलं.

"बिघडलं तर दुसरं माझ्याच्याने होणार नाही," एवढंच ते म्हणाले.

जावयाने लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सीलरचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि हात मारला. लाकूड होतं तसंच दिसत होतं. "पारदर्शक आहे, दिसणार कसं," असं स्वतःला समजावून त्याने गॅलरीच्या दाराला 'हात लावू नये' अशी पाटी चिकटवली आणि तो ऑफिसला गेला.

संध्याकाळी परतला तेव्हा टेबल गालासारखं गुळगुळीत झालं होतं. व्हिडिओतल्या माणसाने सीलर वाळल्यावर काचकागदाने घासायला सांगितलं होतं, पण इथे घासण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हात चांगला बसलाय, असा निष्कर्ष त्याने काढला. डबा अर्ध्यावर आला होता. उडून गेला असेल.

रविवारी सकाळी त्याने लॅकर मारला. चार वाजेपर्यंत टेबल असं झळकू लागलं की सासूबाईंनी त्यात बघून केस सारखे केले.

सासरे टेबलावरून तळवा फिरवत राहिले. डोळे भरून आले होते. शिंकही येत होती, त्यामुळे नक्की कशाचं पाणी ते कळेना.

"जावईबापू, कमाल केलीत."

"सगळा सीलरचा खेळ आहे, बाबा."

बायको खोकली. "रागावू नकोस. काल तू सीलर विसरलायस असं मला वाटलं. लाकूड कोरडं ठणठणीत होतं. तू आपल्या लग्नात चष्मा विसरून फोटोवाल्याला 'बाबा' म्हणालास, ते आठवलं. म्हणून मी एक हात मारला. तुला कळू नये म्हणून वाळल्यावर ब्रशच्या रेघा घासून टाकल्या."

"अगं, दुपारी मीही मारला," सासूबाई म्हणाल्या. "त्यांचे आठ महिने वाया जातील या भीतीने. मीही घासून ठेवलं."

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"दोन रुमाल बांधले होते नाकाला," सासरे म्हणाले. "मग घासलं."

म्हणजे या तिघांनी, एकमेकांना पत्ता लागू न देता, सीलर, घासणं, सीलर, घासणं हे काम एखाद्या मुरलेल्या कारागिरासारखं पार पाडलं होतं.

"म्हणजे माझा धरून चार हात," जावई जमेल तेवढ्या रुबाबात म्हणाला.

"तू डबा ढवळला होतास ना?" बायकोने विचारलं. "मी उघडला तेव्हा तळाशी दह्यासारखा थर बसला होता. वर नुसतं पाणी."

"ढवळायचा असतो?"

"कुठलाही डबा उघडला की माणूस आधी ढवळतोच," सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांनीही मान हलवली.

जावयाने टेबलावर नसलेली धूळ बाहीने पुसली. त्याच्यावर एवढा अविश्वास आजवर कुणी दाखवला नव्हता, आणि एवढं भलंही कुणी केलं नव्हतं. तिघांनी त्याची लाज झाकायला त्याची पाटी झुगारली होती. त्याला "थँक्यू" एवढंच म्हणता आलं, आणि तेही टेबलाकडे बघत.

"त्यात काय," सासरे म्हणाले. "आता सहा खुर्च्या करायला घेतो. सीलर तुम्हीच लावायचा."

"मी?"

"तूच," बायको म्हणाली. "पण लावून झाल्यावर रोजच्यासारखा ऑफिसला जाशील ना?"