दोन चमचे, जेवणानंतर

ओटावाच्या स्नेहवर्धिनी मंडळाच्या हॉलमध्ये मद्याला सक्त बंदी आहे. इतकी सक्त, की एखाद्या सभासदाला ती मोडायचीच झाली तर तो निमूट घरी जातो आणि आपल्या बेसमेंटमध्ये मोडतो. याच हॉलमध्ये २०१७च्या जूनमध्ये नंदनच्या लेकीचा, ऋचाचा साखरपुडा ठरला होता.

अडचण केली व्याह्यांनी. गृहस्थ राहायला माँट्रियलला, पण मूळचे दक्षिण फ्रान्समधल्या लाँगदॉकचे. तिथे त्यांची सख्खी बहीण अजून द्राक्षाचा मळा राखून आहे. तिच्या हातची रेड वाइन घेऊन येतो, ग्लासाला ग्लास लागल्याशिवाय आमच्यात सोयरीक पक्की होत नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं. नंदन भिडेपोटी "हो हो, अवश्य" म्हणून बसला. आता निस्तरा, एवढंच बोलून त्याची बायको चित्रा पोळ्यांची ऑर्डर द्यायला निघून गेली.

मंडळाचे चिटणीस दादासाहेब. उभा जन्म औषध कंपनीत परवानग्यांचे फॉर्म भरण्यात गेलेला. त्यांनी नंदनचा परवानगीचा अर्ज वाचायच्या आधीच नामंजूर केला. नंदनने मग व्याह्यांनी पाठवलेली नमुन्याची बाटली पुढे ठेवली आणि काकुळतीने सांगू लागला, की तो मुलूख आपल्या माण-खटावसारखाच खडकाळ, वरून कोरडा वारा. फवारणी नाही, वेलींना नुसतं शेणखत. शेणखत म्हटल्यावर दादासाहेब जरा सावरून बसले. चष्मा चढवून त्यांनी लेबल वाचलं. व्हँ बायोलॉजिक.

"बायोलॉजिक? आमच्या कंपनीत जैविक औषधांना हेच म्हणत. अहो, मग हे औषध आहे. आधी नाही का सांगायचं?"

फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ फक्त सेंद्रिय असा होतो, हे नंदनच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांपुढे ऋचा आली, आणि त्याने ते गिळलं. कार्यकारिणीने एकमताने 'विदेशी द्राक्षासव' अशी नोंद केली.

औषध म्हटलं की औषधाचे नियम आले. निवृत्त डॉक्टर नीरजाताईंची नेमणूक झाली. मात्रा दोन चमचे, जेवणानंतर, समभाग कोमट पाण्यातून. तेही तक्रार असणाऱ्यालाच, आणि तक्रार लेखी हवी.

साखरपुड्याला एकशे चाळीस माणसं आली. बाहेर लख्ख ऊन, तरी एकशे सदतीस जणांना खोकला निघाला. उरलेले तिघे पार्किंगमध्येच बरे होऊन आत आले होते. रांग दारापर्यंत गेली. नीरजाताई हातमोजे घालून चमचे भरत होत्या, आणि चमचा चाटलेली माणसं खोकत खोकत पुन्हा रांगेच्या शेपटाला लागत होती.

बहिणीच्या वर्षभराच्या कष्टांत थर्मासमधलं पाणी ओतलं जाताना व्याही बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. संपलं, मोडलं लग्न, असं नंदनला वाटलं. पलीकडे ऋचा अंगठीची डबी मुठीत आवळून उभी होती.

"एवढे सगळे आजारी आहेत?" व्याह्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

आता खोटं बोलायचं त्राण नंदनमध्ये उरलं नव्हतं. "हो," तो म्हणाला. "फार जुना आजार आहे. देशातून येतानाच घेऊन आलो."

व्याह्यांनी कोट नीट केला. मग नंदनला घेऊन ते रांगेत जाऊन उभे राहिले, पाळी आल्यावर रीतसर खोकले आणि आ केला. मग नीरजाताईंच्या हातातला चमचा त्यांनी आपल्या हाती घेतला. तो नंदनच्या चमच्याला लागला तेव्हा कुठे ऋचाने डबी उघडली.

पुढच्या सभेत एकच तक्रार आली, मात्रा कमी पडल्याची. जुनाट रुग्णांसाठी ती एक पेला करण्यात आली. मद्यबंदी अर्थातच कायम आहे.

तक्रारीचा फॉर्म मंडळाकडे मिळतो. तुम्हीही न्या. खोकला कधीपासून आहे, हे तुम्हाला कोणी विचारणार नाही. आपल्यात ते विचारत नाहीत.