आकाशपाळण्यात बटाटे

आकाशपाळण्यात कसं बसावं, हे मला शिकवणारा माणूस इंदुरात अजून जन्मायचा आहे. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

एकसष्ट साली आमच्या मिलनं मला सहा महिने विलायतेला पाठवलं, कापूस पिंजायच्या नव्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला. सोमवार ते शनिवार मी यंत्रं बघितली. रविवारी मात्र माझ्याबरोबर राहणारे तीन फिटर मला समुद्रकाठच्या बागांमध्ये घेऊन जायचे. बागा म्हणजे फुलांच्या नव्हेत. लाकडी डोंगरांवरून धाडकन खाली येणारी रेल्वे, पाण्यात कोसळणाऱ्या होड्या, आख्खी खोली गरगर फिरते असलं एक घर. ते तिघं त्या नादानं पार वेडे झालेले होते. कुठल्या डोंगराला किती उतार, कुठल्या पाळण्यात पोटात किती गोळा येतो, हे सगळं वहीत लिहून ठेवायचे. सहा महिन्यांनी मी परतलो तेव्हा ट्रंकेत मिलचं सर्टिफिकेट होतं आणि डोक्यात तो आजार.

इंदुरात आल्यावर मी मेळ्यातल्या पाळण्यांच्या शौकिनांचं मंडळ काढलं. माझ्याशिवाय तीन सभासद. जयसिंगराव जमिनीच्या दफ्तरात नोकरीला होते. त्यांचे वडील होळकरांच्या घोडदळात होते आणि घोडा गेला तरी आवाज जयसिंगरावांकडे राहिला होता. वाल्मिक महूच्या फौजी वर्कशॉपमध्ये मिस्त्री होता आणि इंदुरी तऱ्हेनं सगळ्यांनाच 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायचा. त्याला पाळण्यात बसण्यापेक्षा पाळण्याखाली वाकून बघण्यात जास्त मजा यायची. आणि प्रेमलताबाई, मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या. फिटरांसारखी मीही वही ठेवत होतो, पाळण्यांच्या उंचीपासून माझ्या वजनापर्यंत सगळं तीत होतं; त्यांनी पहिल्याच दिवशी ती तपासून तीन चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या. आम्ही उज्जैनचा कार्तिकातला मेळा केला, महेश्वर केलं, धार केलं. आता ग्वाल्हेरचा मोठा मेळा राहिला होता आणि तिथं मला कमलला, म्हणजे माझ्या बायकोला, न्यायचं होतं. कमलची तयारी होती. अडचण सासूबाईंची होती.

सासूबाई, द्वारकाबाई, सासरे गेल्यापासून आमच्याकडेच राहायच्या. बाई करारी. घरात कुठली भाजी व्हावी इथपासून कमलनं कुठं जावं इथपर्यंत त्यांचा शब्द शेवटचा. माझ्याविषयी त्या आल्यागेल्याला एकच वाक्य सांगायच्या, की मिलनं जावईबापूंना यंत्रं शिकायला पाठवलं आणि ते झोपाळे शिकून आले. मुलीला असल्या कामासाठी ग्वाल्हेरला पाठवणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगून झालं होतं.

तेवढ्यात मार्गशीर्षात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपलीकडे, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपलीकडे, नदीच्या अंगाला मेळा लागला आणि त्यात विजेवर चालणारा लोखंडी आकाशपाळणा आला. तोवर आमच्याकडचे पाळणे लाकडी, माणसं हातानं फिरवायची. हा बारा पाळण्यांचा होता, एकेका पाळण्यात चौघांची जागा. मी ठरवलं, सासूबाईंना यात एकदा बसवायचं. एकदा वर गेल्या की ग्वाल्हेर पक्कं. त्या कशा तयार झाल्या ते मला आजही नीट कळलेलं नाही. बहुधा मी घाबरलेला बघायला मिळेल अशी त्यांना आशा असावी.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला आम्ही सगळे तिथं पोचलो. पाळण्याचे मालक नन्हेलालजी म्हणून होते, सागरकडचे. जयसिंगरावांनी माझी ओळख करून दिली, की हे दिनानाथजी, विलायतेतून पाळण्यांचा अभ्यास करून आलेत. जयसिंगरावांच्या आवाजात ही ओळख सरकारी हुकमासारखी वाटली असणार. नन्हेलालजींनी लगेच कोटाची बटणं लावली आणि माझ्यासाठी खुर्ची मागवली. त्यांनी मला सरकारी इन्स्पेक्टर समजलं आहे हे माझ्या लक्षात आलं. ते दुरुस्त करायला हवं होतं हेही लक्षात आलं. पण सासूबाई बघत होत्या. आपल्या जावयासाठी कुणी खुर्ची मागवतो आहे, हे त्या जन्मात पहिल्यांदा बघत होत्या. मी खुर्चीत बसलो.

मग मी उठून एक खांब बोटांनी वाजवला आणि मान हलवली. नन्हेलालजींनी विचारलं, साहेब, सब ठीक है ना? मी म्हटलं, ठीक आहे, पण निम्मे पाळणे रिकामे का? ते म्हणाले, मोटार नवी आहे, म्हणून आम्ही आधे आधे भरतो. मी हसलो. विलायतेत रिकामा पाळणा फिरवत नाहीत, असं मी त्यांना हिंदीत ठासून सांगितलं. इन्स्पेक्टरच म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी बाराच्या बारा पाळणे भरले. अकरा पाळण्यांत चौघे चौघे आणि एकात फक्त आम्ही दोघं, कारण सासूबाईंना परका माणूस शेजारी चालणार नव्हता. कमल तेवढी खाली थांबली, आईची शाल सांभाळत. वाल्मिक सवयीप्रमाणे मोटारीशी उकिडवा बसला होता.

दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत आम्ही अगदी टोकाला असताना खालून जळकट वास आला, मोटार कण्हल्यासारखी झाली आणि पाळणा थांबला.

सुरुवातीला लोकांना वाटलं, मुद्दाम थांबवलाय. मग खालून वाल्मिक ओरडला, "मोटार जळली भिया! ब्रेक लावलाय, कुणी हलू नका!"

आता खरी गोष्ट सांगतो. मला भीती वाटली ती उंचीची नव्हती. पाळण्यात सेहेचाळीस माणसं अडकली होती. एका पाळण्यात तान्हं मूल घेतलेली बाई होती, दुसऱ्यात एक म्हातारे गृहस्थ खांब धरून डोळे मिटून बसले होते, आणि हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे झालं होतं. खाली बघतो तर नन्हेलालजी फाटकाकडे चाललेले. इन्स्पेक्टरच्या डोळ्यांदेखत मोटार जळली, आता आपल्याला पकडणार, असं समजून ते पळत होते आणि हत्यारांच्या पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला होती. वाल्मिक किल्ली मागत होता, ते ऐकत नव्हते.

मी उभा राहिलो. पाळणा डचमळला. सासूबाईंनी माझा कोट धरला. मी आख्ख्या मेळ्याला ऐकू जाईल असं ओरडलो, "नन्हेलालजी, मैं इन्स्पेक्टर नहीं हूँ! मैं मिल में नौकरी करता हूँ! गलती मेरी है, आपकी नहीं!"

 नन्हेलालजी थांबले, वळले, आणि माझ्याकडे त्यांनी जे बघितलं ते मी कधी विसरणार नाही. पण किल्ली त्यांनी दिली.  सासूबाईंनी माझा कोट मात्र सोडला नाही.

वाल्मिकनं मोटारीचा पट्टा काढला आणि सांगितलं, की आता पाळणा दोर लावून हातानं फिरवता येईल. खालचा पाळणा आधीच जमिनीशी होता आणि त्यात प्रेमलताबाई होत्या. लोक म्हणाले, तुम्ही चौघे उतरा, म्हणजे पुढचा खाली घेऊ. प्रेमलताबाई उतरल्या आणि उतरल्या उतरल्या त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. चाकाला सगळीकडे जवळजवळ सारखं वजन आहे म्हणून ते हातानं फिरेल, त्या म्हणाल्या. खालचे चार उतरले की वरची बाजू जड होणार. असेच उतरत गेलो तर ब्रेक सोडल्याबरोबर वरची माणसं दगडासारखी खाली येतील. जेवढं वजन उतरेल तेवढंच परत पाळण्यात चढलं पाहिजे. लोकांना त्यांनी विचारलं, कोण बसतंय? जमलेले हजारएक लोक एक पाऊल मागे सरकले.

तेव्हा प्रेमलताबाईंना बटाटे सुचले. मल्हारगंजात एका आडत्याकडे नवा माल उतरला होता. जयसिंगरावांना पाळण्यातूनच निरोप ओरडायला सांगितलं आणि माझी खात्री आहे, आडत्यानं तो दुकानात बसल्या बसल्या ऐकला असेल. अर्ध्या तासात हातगाड्या आल्या. पोती आली, मोठा काटा आला आणि काट्याबरोबर त्याचा तोलणारा आला.

मग रीत ठरली. ब्रेक लावायचा. खालच्या पाळण्यातली माणसं उतरवायची, काट्यावर उभी करायची, तेवढे बटाटे पाळण्यात भरायचे, ब्रेक सोडायचा, दोर ओढून पुढचा पाळणा खाली घ्यायचा. जयसिंगराव तिसऱ्या पाळण्यातून उतरले आणि त्यांनी दोर ओढणाऱ्यांचा ताबा घेतला. त्यांच्या हुकमावर साठ माणसं एक पाऊल ओढायची आणि एक पाऊल थांबायची. सगळं नामी चाललं होतं.

फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. तो तोलणारा मंडीतला होता आणि मंडीत वजन गुपचूप सांगत नाहीत. एकेक जण काट्यावर चढला की तो सूर लावून मेळ्याला वजन ऐकवायचा, वर मालाची प्रतही सांगायचा. एका लठ्ठ वकीलसाहेबांना त्यानं 'एक नंबर माल' म्हटलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी काट्यावर चढायला साफ नकार दिला. प्रेमलताबाईंनी तेही सोडवलं. एकेकाला नको, पाळण्यातल्या चौघांना एकदम तोला, म्हणजे कुणाचं किती ते कळणार नाही.

सहा पाळणे झाले. तान्हं मूल उतरलं, म्हातारे गृहस्थ उतरले. सातवा आमचा. आम्ही जमिनीशी आलो, कमल हात पुढे करून उभी होती, आणि सासूबाई उठल्या नाहीत.

"आई, उतर नं," कमल म्हणाली.

सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "आपल्या पाळण्यात दोघंच आहोत. तुमचं वजन तुमच्या त्या वहीत लिहिलेलं आहे. आणि त्या बाई गणित शिकवतात."

मी प्रेमलताबाईंकडे बघितलं. त्यांच्या हातात माझीच वही होती. वजाबाकीला त्यांना पळभरही लागला नसता, आणि तोलणाऱ्याचा सूर तर चांगलाच लागला होता. सासूबाईंचं वजन हे आमच्या घरातलं असं रहस्य होतं, की ते सासऱ्यांनाही माहीत नव्हतं. त्या क्षणी मला, का कुणास ठाऊक, त्यांची बाजू घ्यावीशी वाटली. मघाशी त्यांनी माझा कोट सोडला नव्हता.

मी बाहेर वाकून वाल्मिकला विचारलं, की सगळ्यात शेवटी जो पाळणा उतरेल त्याला तोलावं लागेल का? वाल्मिकनं विचार केला. म्हणाला, "नाही भिया. मग कुणी फिरवायचंच नाही, तर तोलायचं कशाला?"

"मग आम्हाला पुढे जाऊ द्या," मी म्हटलं. "आम्ही शेवटी उतरू."

आम्ही परत वर निघालो. हे फिरणं मोटारीचं नव्हतं. एक पाऊल चढायचं, थांबायचं, खाली चौघे तोलले जायचे, पोती भरली जायची, मग पुढचं पाऊल. पाच पाळणे उरले होते, तेही रिकामे झाले. बाराव्यातली माणसं उतरली तेव्हा आम्ही दुसऱ्या बाजूनं बरेच वर पोचलो होतो आणि आख्ख्या आकाशपाळण्यात आमच्याशिवाय फक्त बटाटे होते. प्रेमलताबाईंनी हिशेब केला आणि खालून ओरडून सांगितलं, की आलात तसेच उलटे पाच पावलं खाली घेतो, ते जवळ पडेल. वरून आणायचं तर सात.

सासूबाई उभ्या राहिल्या. या वेळी मी त्यांचा पदर पकडायला गेलो आणि माझाच कोट पकडला. त्या म्हणाल्या, "उलटं नको. वरून न्या."

तर आम्ही वरून गेलो. उन्हं उतरली होती. खाली छत्र्यांचे कळस, नदीची वाकडी रेघ, राजवाड्याचे मजले, लांब मिलांच्या चिमण्या. सासूबाईंनी मला एकेक विचारलं. मल्हारगंज कुठलं, आपली गल्ली कुठली, यांचं, म्हणजे सासऱ्यांचं, जुनं दफ्तर कुठं होतं. टोकाला आम्ही बराच वेळ थांबलो, कारण त्यांनी थांबवायला सांगितलं आणि जयसिंगरावांच्या साठ माणसांनी दोर धरून ठेवला. मी आजवर जेवढ्या पाळण्यांत बसलो त्यांतला हा सगळ्यात सावकाश होता. वहीत मी त्याला पहिला नंबर दिला आहे.

आम्ही उतरलो तेव्हा मेळ्यानं नुसता जल्लोष केला. लोकांनी वाल्मिकला खांद्यावर घेतलं. प्रेमलताबाईंच्या शाळेतल्या मुलींनी त्यांना हार आणून घातला. मोटारीची जळलेली तार आमच्या मिलच्या वर्कशॉपमध्ये नव्यानं गुंडाळून द्यायची जबाबदारी मी घेतली, आणि वाल्मिकनं ती मोटार तीन रविवार बसून नन्हेलालजींना पहिल्यापेक्षा दमदार करून दिली. नन्हेलालजींनी चौथ्या रविवारी मला स्वतः पाळण्यात बसवलं. खुर्ची मात्र मागवली नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी पाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि कमलला विचारलं, की ग्वाल्हेरला थंडी फार असते का, लोकरीची शाल पुरेल का. एक शाल नव्हे, दोन शाली बाहेर काढल्या. मला वाटलं, मी जिंकलो. जिंकलोच होतो.

ग्वाल्हेरचा पाळणा इंदूरच्या दीडपट उंच निघाला. त्यात चौघांची जागा. सासूबाई, कमल, प्रेमलताबाई आणि त्या तिघींना धीर द्यायला जयसिंगराव. वाल्मिक मोटारीखाली. पाळण्यात चपला घालून बसायचं नाही असा तिथला नियम होता, म्हणून सासूबाईंनी मला सांगितलं, की जावईबापू, एवढ्या जरा बघा, आम्ही एक फेरी मारून येतो. त्यांनी सात फेऱ्या मारल्या. मी चार जोड नीट ओळीनं मांडून उभा होतो. तिसऱ्या फेरीला एक अनोळखी गृहस्थ आले, माझ्यासमोर जोडे काढले आणि म्हणाले, भाईसाहब, इनको भी ज़रा सँभाल के रखना.

मी काय करणार? थोडं सरकून जागा करून दिली.