जुनी पॉलिसी, नवी पॉलिसी आणि मधला हाशिम

हाशिम अत्तारने आधी जुनी पॉलिसी बंद केली आणि मग नवी कधी सुरू होते याची चौकशी केली. क्रम चुकला, हे त्याच्या बायकोच्या, नुजहतच्या, लगेच लक्षात आलं.

"नवी चप्पल पायात पडल्याबिगर जुनी फेकतंय का कुणी?" ती म्हणाली.

खरं तर दोघांनी तुलना नीट केली होती. भोरमधल्या त्यांच्या घरावर बँकेचं कर्ज होतं आणि ते हाशिमच्या टेम्पोवर फिटत होतं. हाशिम आजारी पडला किंवा त्याचा हातपाय मोडला, तर जुनी पॉलिसी फक्त बँकेचा हप्ता भरणार होती. नवी मात्र कमाई बुडेल तेवढे पैसे दरमहा हातात देणार होती. नुजहतने ओट्यावर दोन पातेली मांडून निकाल दिला होता: जुनीनं छप्पर राहतं पण चूल विझते, नवीत दोन्ही भागतं. अट एकच. नवी कंपनी आधी माणूस पाठवून हाशिम धडधाकट आहे का, ते पाहणार होती.

"त्यो येईस्तवर टेम्पोला हात लावायचा न्हाई," नुजहतने बजावलं. "आत्ता काय झालं तर ना छप्पर, ना चूल."

मग टेम्पो धाकटा भाऊ आसिफ नसरापूरला नेऊ लागला आणि हाशिम अंगणात बाजेवर बसू लागला.

पहिल्याच दुपारी शेजारच्या सरूबाई वाटीभर पेज घेऊन आल्या.

"काय झालंय रं?"

"काय न्हाई मावशी. ठणठणीत हाय."

"मग दिवसाढवळ्या बसलायस का?"

"हिनं बसवलंय."

सरूबाईंनी नुजहतकडे पाहिलं.

"जपाय लागतंय, मावशी," नुजहत म्हणाली.

निष्कर्षाला एवढा पुरावा पुरेसा होता. लपवतायत, म्हणजे मोठंच काहीतरी! सरूबाई डोळ्यांना पदर लावून परतल्या आणि संध्याकाळपर्यंत बाजेखाली शहाळी आणि बिस्किटांचे पुडे जमले. समोरच्या कुंडलिकने आंबवड्याहून कसलासा पाला आणून हाशिमच्या गुडघ्याला बांधला.

"अरं, पण गुडघ्याला काय झालंय माझ्या?"

"कुठं काय झालंय ते तू सांगंनास. म्हणलं, खालनं सुरवात करू."

दोन दिवसांनी विमा कंपनीचे साहेब गल्लीत शिरले. गल्लीला विम्याच्या माणसाचा एकच अनुभव होता. कुंडलिकची म्हैस अधू झाली, तेव्हा असाच एक साहेब तपासायला आला होता. त्याला पाहून आठवडाभर आडवी पडलेली म्हैस उठली आणि दावं तोडून पळाली. पैसे बुडाले. तेव्हापासून गल्ली शहाणी झाली होती: विम्याच्या माणसाला आजारी उभा दिसता कामा नये.

नुजहत आत चहा टाकायला गेली तेवढ्यात सरूबाई बाजेवरच पायथ्याशी बसल्या. कुंडलिकने हाशिमला आडवं केलं आणि स्वतः त्याच्या पायांवर बसला.

"तब्येत कशी आहे यांची?" साहेबांनी विचारलं.

"कसली तब्येत, साहेब! पाणीसुदिक चमच्यानं जातंय," सरूबाई म्हणाल्या.

"काल तर गेलाच हुता," कुंडलिक म्हणाला. "हाका मारून माघारी आणला."

हाशिमला घाम फुटला. "साहेब, काय ऐकू नका यांचं! म्या एकदम फिट हाय!"

"तापात बरळतोय," कुंडलिकने समजावलं.

"घामही बराच आलाय," साहेब कागदावर लिहीत म्हणाले.

"कुंडलिक, ऊठ! पॉलिसी जाईल माझी!"

"म्हून तर बसलोय!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, तसा हाशिमचा धीर सुटला. कुंडलिकच्या खालून पाय ओढून घेत तो उठला. "आता बघाच ताकद!" असं ओरडून त्याने सरूबाई आणि कुंडलिकसकट बाजेची एक बाजू उचलली. गुडघ्यापर्यंत आली, मांडीपर्यंत आली. साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. बाज कमरेपर्यंत पोचली आणि हाशिमच्या पाठीत कडकन आवाज झाला.

चहाचा ट्रे घेऊन नुजहत बाहेर आली. नवरा काटकोनात वाकून उभा होता. त्याला सरळही होता येईना आणि बसताही येईना.

घसरलेल्या बाजेवरून सरूबाई सावरून उठल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि साहेबांकडे वळल्या.

"बघितलंत न्हवं? आमी काय खोटं बोलत न्हवतो. करा आता पैशे मंजूर!"