लाइट गेली की हनीफभाई

मुलांनो, महाडात लाइट गेली हे आम्हाला पंख्यावरून नाही, हनीफभाईंवरून कळायचं. अर्ध्या गालावर साबण, गळ्यात न्हाव्याचं फडकं आणि स्कूटर बिरवाडीच्या दिशेने. मागून न्हावी ओरडे, "फडकं तरी देऊन जा."

आमचे हे शेजारी बिरवाडीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात संगणक सांभाळत. साऱ्या कारखान्याची माहिती एका सर्व्हरवर, आणि लाइट गेली की तो बॅटरीवर थोडाच वेळ तग धरी. तेवढ्यात नीट बंद केला नाही, तर आतलं सगळं बिघडायचं. "वहिनी, टाका अर्धा असताना शिवणारीला कुणी ओढून उठवतं काय?" ते मला विचारत. "आधी सांगायचं, मग थांबायचं, मग बंद."

हे तत्त्व ते सगळीकडे लावत. आमच्याकडून जाताना आधी "निघतो" असं जाहीर करत, मग सगळ्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबत. तोवर पानं मांडली जात. जेवून मग निघत.

त्यांची बायको लवकर गेली होती. घरात ते आणि मुलगी शबाना. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती माझ्यासमोरच म्हणाली, "अब्बा, निकाहात लाइट गेली तर?"

"बघू."

"बघू नाय. तसं असेल तर निकाह कारखान्यातच ठेवा. सर्व्हरशेजारी."

मग हनीफभाईंनी स्क्रिप्ट लिहायला घेतली. म्हणजे लाइट गेल्यावर संगणकाने आपणहून करायची कामं, ओळीने लिहिलेली: काम करणाऱ्या सगळ्यांना पडद्यावर निरोप, थोडं थांबणं, मग डेटाबेस बंद, मग मशीन. पहिल्या खेपेला लाइट नुसती लुकलुकली, तरी सर्व्हर सगळ्यांचा निरोप घेऊन झोपला. भर दुपारी ऑफिस ठप्प. साहेब भडकले. हनीफभाई मात्र हरखले. "माझ्यापेक्षा घाबरट निघाला," म्हणाले. आणि लाइट परत येते का ते आधी बघ, अशी एक ओळ त्यांनी वर घातली.

निकाहाच्या दिवशी लाइट गेलीच. हॉलमधले पंखे थांबले आणि सगळ्या पाहुण्यांनी नवऱ्या मुलाला सोडून हनीफभाईंकडे पाहिलं. इकडे बायकांच्या बाजूला साक्षीदार शबानाची संमती विचारायला आले होते. ती उत्तरच देईना. माझा हात धरून तिने हळूच विचारलं, "काकू, अब्बा गेले?"

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. हनीफभाई अर्धे उठले होते. हात खिशातल्या किल्लीवर. त्यांचे मेहुणे म्हणत होते, "जा रे, तुझी बिर्याणी झाकून ठेवतो."

हनीफभाई खाली बसले.

"बसलेत," मी सांगितलं.

"कबूल," शबाना म्हणाली.

जेवणं झाल्यावर त्यांनी हॉलच्या फोनवरून कारखान्यात चौकशी केली. "सगळं नीट बंद झालं म्हणतात," ते मला म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "मी कुठे हाय, ते कुणी विचारलंपण नाय."

शबाना नवऱ्याबरोबर आखातात, दोह्याला गेली. त्यानंतर एका दुपारी लाइट गेली. हनीफभाई सवयीने घाईघाईत बाहेर आले, फाटकापाशी थांबले आणि मग सावकाश आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"वहिनी, चहा होईल काय?"

चहा झाला. शबानाचा फोन आला होता का, असं मी विचारलं. "येईल," म्हणाले. मग आत पंखा फिरू लागल्याचा आवाज आम्हा दोघांनाही आला. हनीफभाई उठले नाहीत. मी पुन्हा आधण ठेवलं.